बोअर नंबर सात

शाळेच्या व्हरांड्यात लाकडी खोकी मांडलीत.
एकेका खोक्यात पाच खाचा, एकेका खाचेत
एक मीटर पृथ्वी.
मधल्या सुट्टीत पोरं येऊन विचारतात,
हे काय, खडू?
मी म्हणतो, हो. काळे खडू.

खानापुरापासून आत, मलप्रभेच्या उताराला,
लाल माती, मग जांभा, मग नुसता कंटाळा,
आणि चौऱ्याऐंशी मीटरवर
तेल धरून बसलेला दगड.
अहवालात त्याचं नाव इंग्रजी, नोटिशीत कानडी,
ड्रिलर रामलिंग मुचंडी त्याला म्हणतो घासलेट्या.
पहिल्याच दिवशी त्यानं एक कपची चिमट्यात धरली
आणि काडी ओढली.
आधी धूर, मग पिवळी, आळशी ज्योत,
आणि जमलेल्या सगळ्यांना एकदम आठवली
रेशनची रांग.

लोकांना वाटतं, खाण म्हणजे काढणं.
माझं काम, काय सोडायचं ते ठरवणं.
सहा मीटरची वाट, नऊ मीटरचा खांब,
पुन्हा वाट, पुन्हा खांब,
कागदावर दिसतं असं
की कुणी अंधाराला बिऱ्हाडं वाटून दिलीत.
शंभरातले चौसष्ट न्यायचे.
छत्तीस कायमचे तिथेच, आमच्या नावानं उभे.
नेलेला दगड फोडायचा, भाजायचा पाचशे अंशांवर,
तेव्हा कुठे टनामागे साठ लिटर.
आणि भाजलेला चुरा
ज्या भोकातून आला त्यात परत मावत नाही.
हे वाक्य मी अहवालात दोनदा लिहिलं.
दोनदा कुणीतरी खोडलं.

बोअर नंबर सातला, एकसष्ट मीटरवर,
पाणी परत येईना.
रामलिंगनं नळीला कान लावला. गिळतंय, सर.
टँकर ओतला. बेंटोनाइटची सहा पोती ओतली.
तेही गिळलं.
तिसऱ्या दिवशी सकाळी नागव्वा कडोलकर
घागर घेऊन थेट मशीनपाशी आली
आणि न बोलता माझ्या बुटांवर उपडी केली.
पाणी कसलं, ताक.
मग म्हणाली, ह्ये तुमचंच न्हवं?
घेऊन जावा की.

तिची विहीर चारशे दहा पावलांवर.
मी मोजली, ती पाठमोरी झाल्यावर.

आता माझ्या नकाशावर दोन तुटक रेघा आहेत.
एक वर डाव्या कोपऱ्यात, रेघ टिंब रेघ,
जिच्यापायी पाट्यांना काळं फासतात,
जिच्यापायी माझा बाप आठ दिवस हिंडलग्याच्या तुरुंगात बसला
आणि अस्सल कानडी शिव्या शिकून आला.
दुसरी मी काल रात्री पेन्सिलीनं ओढली,
बोअर सातपासून विहिरीपर्यंत,
दर दोन इंचांवर प्रश्नचिन्ह, कारण नियमच तसा:
पाहिली नाही, पण आहे.

हुबळीहून नायर साहेबांचा फोन.
शाफ्ट तीस मीटर पूर्वेला सरकवा ना.
शाफ्ट सरकतो, सर. भेग नाही सरकत.
एवढं बोललो आणि नेटवर्क गेलं,
किंवा गेलं असं आम्ही दोघांनी ठरवलं.

भेगेपाशी खांब किती जाड?
पंधरा मीटर? चाळीस?
चाळीस टाकले की तक्त्यातला शेवटचा रकाना
लाल होतो.
मी टाकतो, पुसतो, टाकतो.

संध्याकाळी नागव्वानं हाक मारली.
कोरा चहा, काचेच्या पेल्यात, त्याच विहिरीचा.
नितळलंय आता. प्या की.
तळाशी बारीक पांढरा गाळ
गोल फिरून बसत होता.
मी ढवळला नाही.
ती उंबऱ्यात बसून
माझ्या हाताकडे बघत होती.